चिठ्ठीवरचे चोपन्न

कल्पना करा, तुमच्यासमोर मशीनवर टेनिसची रॅकेट आडवी आवळून ठेवलीय आणि तिच्यात एकही तार नाही. नुसता सांगाडा. अकरा-बारा मीटर तार तुम्हाला त्याच्या भोकांतून ओवायची आहे. आधी सोळा उभ्या, मग एकोणीस आडव्या, चटई विणतात तशा, एकदा वरून, एकदा खालून. प्रत्येक तार मशीन ठरल्या ताणाला ओढतं आणि बारीक शिट्टी देतं. तुम्ही ती चिमट्यात धरायची आणि पुढच्या भोकाकडे वळायचं. एखादी तार चुकून दोनदा वरून गेली, की उसवा सगळं. आणि एवढं करून गिऱ्हाईक येणार, रॅकेट तळहातावर आपटणार आणि म्हणणार, "जरा ढिली वाटतेय, नाही?"

या कामाला गटिंग म्हणतात आणि मास्तर ते बावीस वर्षं करत होता. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, गटिंगमास्तर. कोर्टांच्या मागे त्याचं एका खिडकीचं दुकान. मशीन, तारांची रिळं, एक बाक. त्याचा नियम एकच. गिऱ्हाइकाने सांगितला तो ताणाचा आकडा, पौंडांत, मशीनवर लावायचा, तोच चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी रॅकेटच्या मुठीला बांधायची. "वैद्याने आणि गटिंगवाल्याने पुडीवर खोटं लिहू नये," असं तो म्हणे. लोक हसत, पण लांबून रॅकेटी त्याच्याकडेच पाठवत.

त्या दिवशी दुपारी बाकावर नेहमीचे दोघे बसले होते. एक विमा कंपनीतून निवृत्त झालेले, ज्यांना जगातल्या पहिल्या शंभर खेळाडूंचे गुण तोंडपाठ, म्हणून सगळे त्यांना आकडेशास्त्री म्हणत. दुसरे शेजारचे चष्मेवाले. विषय होता सध्याची जगज्जेती. तिने ऐन मोसमात एक मोठी स्पर्धा सोडली होती आणि तिचा बोटीवर नाचतानाचा फोटो सगळीकडे फिरत होता.

"तिसरं घर घेतलंन म्हणे समुद्रावर," चष्मेवाले म्हणाले. "आणि घड्याळं किती? हात दोनच ना बाईला?"

"घड्याळं घेऊ दे हो. स्वतःच्या घामाचे पैसे आहेत, उडवू दे." आकडेशास्त्री पुढे सरकले. "पण बोलली काय, ऐकलंत? म्हणे, क्रमांक म्हणजे फोनवरचा एक आकडा, मी सकाळी उठून तो बघतसुद्धा नाही! अहो, आता पहिलीची चौथी होईल. लोक त्या आकड्यासाठी रक्त ओकतात."

"तुम्ही आधी तुमच्या साखरेचा आकडा बघा, शास्त्री. सकाळपासून तिसरा चहा आहे हा."

मास्तर हसला नाही. त्याची मुलगी दारात उभी होती. सोळा वर्षांची, खांद्यावर बॅग, हातात तार तुटलेली रॅकेट. उद्या सकाळी तिची स्पर्धा होती. देशातल्या पहिल्या चोवीस मुलींना शिबिराला बोलावणार होते आणि ती सव्विसावी होती. उद्या दोन सामने जिंकले तर आत. खेळलीच नाही, तर मागच्या वर्षी याच स्पर्धेत मिळालेले गुणही गळणार आणि ती चाळिशीच्या पलीकडे फेकली जाणार.

"काका, दुखत असेल तिचं काहीतरी," ती आत येत म्हणाली. "उगाच कोण स्पर्धा सोडेल?"

"दुखतंय? मग बोटीवर नाचते कशी?"

"नाचताना मनगट कुठे लागतं?"

"मनगट?" चष्मेवाले म्हणाले. "मनगटाचं कोण बोललं?"

मास्तरने हातातली तार खाली ठेवली.

"बरं ते जाऊ दे," आकडेशास्त्री म्हणाले. "आपली पोर बघा! हिला विचारा आकड्याची किंमत. सव्विसावरून चोवीस! काय गं, घेशील का तू सुट्टी?"

ती नुसती हसली. मग रॅकेट मशीनवर ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, सेहेचाळीसवर कर."

बाकावरच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तरने मात्र तिच्या मनगटाकडे पाहिलं. दोन वर्षं ती चोपन्नावर खेळत होती. एकदम आठ पौंड कोणी हौसेने उतरवत नाही. तार ढिली केली की हाताला हादरा कमी बसतो. ज्याचं दुखतं, तोच असं मागतो.

आणि खरी गोची पुढेच होती. ती चोपन्नावर खेळतच नव्हती.

सहा आठवड्यांपूर्वी सरावाहून परतताना तिने बॅग उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतलेली त्याने पाहिली होती. विचारलं असतं तर "काही नाही" म्हणाली असती. म्हणून त्याने विचारलं नाही. तेव्हापासून तो तिच्या रॅकेटला पन्नासचा ताण द्यायचा आणि चिठ्ठीवर चोपन्न लिहायचा. तेवढाच पोरीच्या हाताला आराम. बावीस वर्षांत खोट्या लिहिलेल्या चिठ्ठ्या तेवढ्याच.

"हात दाखव," तो म्हणाला.

"कशाला?"

"दाखव म्हणतो ना."

त्याने अंगठ्याने मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दाबलं. ती ओरडली नाही, पण तिची टाच जमिनीवरून उचलली गेली.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. बाबा, प्लीज. फक्त उद्याचा दिवस." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नाव मागे घ्यायची मुदत पाचपर्यंत होती आणि चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "सध्या माझे चेंडू लांब जातात. सर म्हणतात मनगट फिरव, खाली आण त्यांना. म्हणून जास्त फिरवते. तेवढंच दुखतं. बाकी ठीक आहे मी."

ढिल्या तारेवरून चेंडू लांबच जातो, हे त्याला सांगायला कोणी नको होतं. गिऱ्हाइकांना तोच सांगायचा.

"चेंडू तू लांब मारत नव्हतीस," तो म्हणाला. "मी मारत होतो."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. बाकावरच्या दोघांसमोरच सांगितलं, कारण त्यांना बाहेर पाठवण्याइतका धीरही उरला नव्हता. पन्नास, चिठ्ठीवर चोपन्न, सहा आठवडे.

"मास्तर, तुम्ही?" चष्मेवाले पुटपुटले.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालत होते," ती म्हणाली. "वाटलं, खेळच गेला माझा. आणि तू... तू विचारायचंस ना रे, बाबा!"

"तू सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू खेळू दिलं असतंस?"

"काय करू?" त्याने विचारलं. "सेहेचाळीस लावू? आज तू म्हणशील तो आकडा. पण या मनगटाने उद्या दोन सामने झाले, तर पुढे किती महिने जातील, ते मला माहीत नाही."

तिने रॅकेट मशीनवरून उचलली. मग फोन घेऊन दुकानाबाहेर गेली. खिडकीतून ती कोर्टाच्या जाळीला टेकून उभी असलेली दिसत होती. चार चाळीस. चार पन्नास. आकडेशास्त्रींनी एकदा तोंड उघडलं तसा चष्मेवाल्यांनी त्यांचा गुडघा दाबला.

पाचला सहा मिनिटं कमी असताना ती परत आली. "काढलं नाव," म्हणाली आणि बाकाच्या टोकाला बसली. आकडेशास्त्रींनी सवयीने बोटांवर हिशेब सुरू केला, त्रेचाळिसावर येऊन थांबले आणि मूठ मिटून खिशात घातली.

"चहा घेशील का गं?" त्यांनी विचारलं.

मनगट आठ आठवडे पट्टीत राहिलं. शिबिर झालं, ती गेली नाही. मास्तर अजून त्याच खिडकीत बसतो, मशीनवरचा आकडाच चिठ्ठीवर लिहितो आणि हल्ली गिऱ्हाईक ताण कमी करायला सांगू लागलं, की आधी त्याच्या हाताची चौकशी करतो. लोकांना वाटतं, वय झालं, बडबड वाढली.

पण दुखणं आधी की ढिली तार आधी, ही गोष्ट त्याला अजून सुटलेली नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, दोन्ही शक्य आहे. मुलीला विचारलं, ती म्हणाली, आठवून सांगते. अजून सांगितलेलं नाही. तिने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, त्या संध्याकाळी तिचं मनगट खरंच दुखत होतं, की फक्त बॅग जड होती?