समोर बसून खेळणाऱ्या अक्का

दारात आल्या आल्या त्या फोनवर काहीतरी दाबायच्या आणि मग तो पालथा करून खिडकीत ठेवून द्यायच्या. "तो मोजूं दे," म्हणायच्या, "आपण कामास लागूं." आमच्या तंजावुरी मराठीतला तो तमिळ हेल अजून माझ्या कानात आहे.

आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. थोरल्या बहिणीला इथे तंजावरात मराठी घरांतही अक्काच म्हणतात. पक्षाघाताने आईचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा घरी येऊन व्यायाम करून घेण्यासाठी एका कंपनीने त्यांना पाठवलं होतं. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या. दवाखान्यात पंधरा दिवस सगळे तमिळमध्येच बोलले होते. अक्कांनी उंबऱ्यातून "कसें आहांत, अम्मा?" विचारलं आणि आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

त्या कंपनीचं एक ॲप होतं. प्रत्येक घरी अर्धाच तास थांबायचं. जास्त थांबलं की गुण कापले जायचे. महिनाअखेरीस सगळ्यांच्या फोनवर क्रमवारी यायची. अक्का कायम तळाशी. "शेवटून वाचलें तर मीच पहिली," म्हणून स्वतःच खो खो हसायच्या.

त्याच ॲपमध्ये आईसाठीही एक पान होतं. एक व्यायाम झाला की एका वर्तुळावर बोट ठेवायचं, ते हिरवं व्हायचं. रोजची सगळी वर्तुळं हिरवी झाली की एक फूल उमलायचं, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला ते फार आवडलं. मी कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांना सांगत असे, आईचे एकवीस दिवस झाले, बावीस झाले. तुमच्याही मनगटावर किंवा खिशात असं मोजणारं काहीतरी असेलच, त्यामुळे माझा आनंद तुम्हाला कळेल.

एका दुपारी मी लवकर घरी आले. आई खाटेवर बसली होती. डाव्या हाताने ती एकामागून एक वर्तुळं हिरवी करत होती. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडला होता. मला पाहताच तिने फोन उशीखाली सारला.

"तूं ऑफिसांत सर्वांस सांगतेस ना," ती खाली बघत म्हणाली. "मग मी मधेंच मोडूं कसें?"



दुसऱ्या दिवशी मी अक्कांना सांगितलं. त्या आईला रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या तिच्याशेजारी बसल्या.

"अम्मा, तुम्ही हें कोणाबरोबर खेळत होतां?"

आईने विचार केला. "कोणाबरोबर नाही."

"तेंच तर."

पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून पल्लांगुळी काढली. लाकडाची लांब पाटी, तिच्यात सात-सात खळग्यांच्या दोन ओळी. एका खळग्यातले चिंचोके उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. इथल्या प्रत्येक घरात मुली हे खेळूनच मोठ्या होतात. अक्कांचा नियम एकच होता, आईने उजव्या हातानेच खेळायचं. पहिल्या दिवशी चिंचोके खळग्यांत कमी आणि जमिनीवरच जास्त पडले. मी आणि अक्का खाटेखाली शिरून ते गोळा करत होतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईने डाव्या हाताने हळूच दोन चिंचोके आपल्या बाजूला ओढले.

"अम्मा! लबाडी!" अक्का एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारीण धावत आली.

आणि आई हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तोंड वाकडं झालेलं, म्हणून हसूही वाकडंच आलं, पण ते थांबेचना. अक्का चिंचोके गोळा करता करता मला म्हणाल्या, "खेळांत लबाडी केली कीं समोरचा ओरडतो. त्या फोनांत कोण ओरडणार?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पल्लांगुळीतही मोजणं असतंच, ज्याचे चिंचोके जास्त तो जिंकतो. पण डाव संपला की सगळे चिंचोके एकाच पिशवीत जातात आणि दोघी कॉफी पितात. अक्कांच्या फोनमधला डाव मात्र कधी संपतच नव्हता.

आमच्याकडचा अर्धा तास आता तासाचा झाला. आईची बोटं चिमटीत चिंचोका धरायला लागली आणि क्रमवारीतले अक्कांचे उरलेसुरले गुणही गेले. मी त्यांना सुचवलं, अर्ध्या तासाने फोनवर काम संपलं म्हणून दाबा आणि मग खेळा.

त्या म्हणाल्या, "मग मीही हिरवें वर्तुळच केलें ना?"

एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "सोमवारपासून दुसरी मुलगी येणार. चांगली आहे, तिला उगाच छळूं नका." कंपनीने त्यांना काढलं होतं. ओरत्तनाडूला त्यांची बहीण होती, तिथल्या एका लहान दवाखान्यात काम मिळण्यासारखं होतं. त्या दिवशीचा डाव कोण जिंकलं ते दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

त्या निघाल्या तेव्हा आईने मला ताट आणायला सांगितलं. कुंकू, विडा आणि सकाळी आणलेल्या कदंबमचा वीतभर तुकडा. मरवा-दवण्यात रंगीत फुलं गुंफलेली ही इथली माळ. मी ती अक्कांच्या केसांत माळायला गेले, तर आईने मला अडवलं.

"मी," ती म्हणाली.

अक्का तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. आईचा उजवा हात थरथरत वर गेला. पिन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती केसांत शिरली आणि माळ एका कानावर तिरकी लोंबली. मी सारखी करायला हात पुढे केला.

"हात लावूं नको," अक्का म्हणाल्या.

बाहेर त्यांनी स्कूटरवरचं हेल्मेट उचललं. घालायला डोक्यापर्यंत नेलं, त्याची कड माळेला लागली आणि त्या तशाच थांबल्या. मग ते हँडलला अडकवलं, स्कूटर स्टँडवरून काढली आणि मान ताठ ठेवून ती ढकलत, पायीच, गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या.