सरांचं वांगं

"गडबड नका करू. आपोआप होतंय की," असं म्हणून सर दोन्ही हातांची बोटं हवेत पसरायचे आणि तशीच धरून समोरच्याकडे बघत राहायचे. समोर प्राचार्य असोत, कॅन्टीनवाला असो, नाहीतर मोर्चा घेऊन आलेली पोरं, उत्तर एकच.

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात सर फिजिक्स शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी, त्यामुळे त्यांचं संशोधन ऐकायचा भोग माझ्या वाट्याला आला. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेलच, ज्याला पाहून लोक चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकतात. मी सरकलो नाही, कारण सरांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची.

संशोधन असं. काचेच्या नळीत थोडासा वायू ठेवायचा आणि दोन टोकांना वीज द्यायची. वायू उजळतो, आपल्या ट्यूबलाइटची थोरली बहीणच म्हणा ना. पण दाब आणि वीज नेमकी जमली, की तो उजेड सपाट राहत नाही. त्याचे ठिपके होतात आणि सारखं अंतर राखून रिंगण धरतात. सरांनी हे परगावच्या एका प्रयोगशाळेत एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कोण सांगत न्हाय, शिट्टी न्हाय, पोलीस न्हाय. तरी रांगेत! आपल्या एसटी स्टँडावर दावा बरं असं."

तेच रिंगण त्यांना कॉम्प्युटरवर उठवायचं होतं. नळीचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येकात आकडा भरायचा आणि पुढचं गणित मशीनवर सोडायचं. पीएचडी तेवढ्यावर अडली होती. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्ती, आणि विद्यापीठाची मुदत त्याच्याही आधी संपणार. पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं एकच देखावा, इकडून तिकडे सपाट जांभळा रंग. ठिपका म्हणून नाही. कॉलेजात त्याला 'सरांचं वांगं' म्हणत.

"काय सर, वांग्यात बी धरलं का?" शिपायापासून सगळे विचारायचे. सर बोटं पसरायचे. घरी त्यांना झोप लागत नव्हती, हे मला वहिनींनी सांगितलं होतं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यार चालवत नाहीत. पान्ह्यापासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळं पुसून झेंडूची माळ घालतात. सरांचं गणित तर ऐन भरात होतं. तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"सर, राहू दे चालू," मी म्हणालो. "देव काय पडदा बघायला येत नाही."

"तसं न्हाय. आमची अव्वा, म्हंजे आई, आजच्या दिवशी खुरपंसुद्धा हातात घेत नव्हती. हे तर लई राबलंय बिचारं."

सरांनी गणित थांबवलं. पडद्याला गंध लावलं, कीबोर्डवर दाबून दाबून कुंकू लावलं. बंद करताना मशीननं काहीतरी विचारलं. सरांनी भक्तिभावानं 'हो' म्हटलं आणि हात जोडले.

दसरा झाल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं. काही दिवसांनी सर एकाच पायात चप्पल घालून स्टाफरूममध्ये शिरले. "उठले! उठले!"

जाऊन बघतो तर वांग्याला खरोखर ठिपके. गोल, नेटके, रिंगण धरून उभे. मी मराठीचा माणूस, पण अंगावर काटा आला. सर रडत होते आणि फोनवर वहिनींना कन्नडमध्ये सांगत होते, "बंतु, बंतु!" आलं, आलं.

पण ते उठले कसे? सरांना पेढाही गोड लागेना. शोधता शोधता सापडलं. कुंकू लावताना सातचं बटण दाबलं गेलं होतं. आकड्यांची फाइल उघडीच होती, त्यामुळे एका चौकोनातल्या आकड्याच्या शेपटीला, दशांश चिन्हाच्या बऱ्याच पुढे, एक सात चिकटला. बदल जपून ठेवू का, हेच मशीननं विचारलं होतं. त्याआधी सरांनी शिस्तीच्या प्रेमापोटी प्रत्येक चौकोनात तंतोतंत एकच आकडा भरला होता. सगळेच सारखे, मग आधी हलायचं कुणी?

"पंगत वाढून तयार, पण पहिला घास कोण घेईना, तसं झालतं बघा," सर म्हणाले.

त्यांचे मार्गदर्शक व्यवहारी गृहस्थ. "सूक्ष्म धक्का मुद्दाम दिला, असं लिहा. कुंकवानं पीएचडी मिळत नसते हो."

"पण मी मुद्दाम दिलाच न्हाय की."

"मग मुदत गेली म्हणून समजा."

आयुष्यभर कुणाला मोडता न घालणारा हा माणूस तिथं मात्र हटून बसला. प्रबंधात त्यांनी कुंकवाचं वाक्य जसं घडलं तसं इंग्रजीत लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच मोठ्यानं वाचलं. हॉल खो खो हसला. मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. परीक्षक हसले नाहीत.

"कुंकू दुसऱ्या बटणाला लागलं असतं तर? दुसऱ्या चौकोनात?"

"कुठंबी लावा साहेब, रिंगण तेच येतंय." मधल्या महिन्यांत सरांनी तो सातचा आकडा वेगवेगळ्या चौकोनांत घालून पाहिला होता. एकामागून एक चित्रं पडद्यावर आली, सगळीकडे तेच रिंगण. परीक्षक खुर्चीवरून उठले आणि त्यांनी सरांचा हात हातात घेतला.

सर डॉक्टर होऊन निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, पण त्या ठिपक्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. "एकानं तरी विचारावं हो," ते मला एकदाच म्हणाले, आणि लगेच भाकरी मोडायला लागले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मला त्यांची फार आठवण येते. शेजारच्या खुर्चीवर आता हजेरीपटांचा ढीग असतो.

परवा स्टाफरूमचा फोन वाजला. लांबच्या कुठल्याशा विद्यापीठातून एक संशोधक मुलगी बोलत होती. तिनं सरांचा प्रबंध वाचला होता.

"ते कुंकवाचं खरंच घडलं होतं का?"

"खरंच. मी तिथंच उभा होतो."

"आमचंही तसंच अडलंय. सरांना खूप विचारायचंय. आहेत का ते?"

मला 'गेले' म्हणवेना. "सर तासावर आहेत," मी म्हणालो.

"हरकत नाही," ती म्हणाली, "मी थांबते."