एकदा काढून लावू

"एकदा काढून लावू," असं म्हणत ते चालू बोर्डाची वायर उपटायचे. बिघडलेल्या गोष्टीला हात घालणारे पुष्कळ भेटतात. न बिघडलेल्या गोष्टीची इतकी धास्ती घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

महापेला आमचं छोटं वर्कशॉप आहे. कॉलेजच्या मुलांसाठी आम्ही सेन्सरचे किट बनवतो. तळहाताएवढा एक बोर्ड आणि त्याच्या डोक्यावर दाबून बसवायचा दुसरा, त्याला शील्ड म्हणतात. शील्डवर तीन-तीन पिनांच्या रांगा असतात, प्रत्येक रांगेला नंबर. सेन्सरचा प्लग त्याच्या नंबरच्या रांगेत खोचला की झालं, सोल्डरिंगची कटकट नाही. पण रांगा इतक्या खेटून असतात की प्लग शेजारच्या रांगेत गेलेला कळतही नाही. सेन्सरला वीज मिळते, हिरवा दिवा लागतो आणि बोर्ड मात्र भलतीकडेच कान लावून बसतो. नव्या माणसाचा अर्धा दिवस यात जातोच. मग दादा जाता जाता म्हणायचे, "दिवा लागला म्हनजे ऐकतोय असं नाय."

दादा म्हणजे हेच गृहस्थ. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून मालकही त्यांना दादाच म्हणत. डब्याचं झाकण, हेल्मेटचा पट्टा, कॅन्टीनचा नळ, सगळं ते एकदा लावत, काढत आणि पुन्हा लावत. एकदा मोठं गिऱ्हाईक आलं होतं. सगळे सेन्सर मस्त चालत होते, मालक खुशीत होते. तेवढ्यात दादांनी गिऱ्हाइकासमोर सगळे प्लग उपटले. मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुन्हा लावल्यावर सगळं चाललं, ही देवाची कृपा.

"दादा, लग्नात हारपण दोनदा घातलात का?" मी विचारलं होतं.

"पयला तिरका बसला होता," ते गंभीरपणे म्हणाले.

ही धास्ती आली कुठून, ते त्यांच्या करावेच्या घरी गेल्यावर मला कळलं. गावातलं जुनं घर, खाडीजवळ. उधाणाच्या भरतीला पाणी गटारातून उलटं येतं आणि खालच्या खोलीत शिरतं. त्या खोलीत त्यांची म्हातारी आई जमिनीवर अंथरूण घालून झोपते. पलंगावर तिला झोप लागत नाही, वरच्या मजल्यावर जायला गुडघे साथ देत नाहीत. एका अमावास्येला पाणी आलं. आईला उठता आलं नाही आणि हाक वरपर्यंत पोचली नाही. सकाळी दादा खाली उतरले, तेव्हा ती भिजलेल्या गोधडीत कुडकुडत बसली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या इथला बोर्ड आणि शील्ड नेलं. उंबऱ्याशी फ्लोट बसवला, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाणारा प्लास्टिकचा गोळा. बझर वर स्वतःच्या उशाशी. रोज सकाळी प्लग काढायचा, पुन्हा लावायचा, फ्लोट बोटाने उचलायचा. वर बझर वाजला की जिना चढून बंद करायचा. आई हसायची. "रोज पानी आनतंय माजा पोर," म्हणायची.

पुढे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात नेलं, तिथून ते परत आले नाहीत. हे लिहितानाही मला खरं वाटत नाही.

तेराव्याला मी करावेला गेले. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. आई खालच्या खोलीत त्याच जागी बसली होती. माझी नजर उंबऱ्याशी बसवलेल्या फ्लोटकडे गेली.

"काळजी नको ताई," वहिनी म्हणाल्या. "हॉस्पिटलात न्यायला दारात रिक्षा उभी होती, तरी त्यांनी काढून लावलंच. मी म्हटलं, चला आता. मग तसेच निघाले."

"फ्लोट उचलून बघितला?"

"तेवढा वेळ कुठे होता?"

मी भिंतीवरच्या बोर्डाच्या डबीचं झाकण उघडलं. हिरवा दिवा लागलेला होता. प्लग शेजारच्या रांगेत होता. दुखत्या छातीने, घाईघाईत लावलेला. तेरा दिवस या दोघी त्या दिव्याच्या भरवशावर झोपल्या होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "एकदा काढून लावू."

त्या पुढे आल्या आणि डबीवर हात ठेवला. "नको. त्यांचा शेवटचा हात लागलाय त्याला."

उद्या पाणी येणार होतं आणि मी त्या बाईला तिच्या नवऱ्याची चूक कशी सांगायची, ते शोधत होते.

"काढू दे तिला," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "काढल्याबिगर त्याला कवा चैन परलाय?"

वहिनींनी हळूच हात बाजूला घेतला. मी प्लग काढला, त्याच्या रांगेत खोचला, खाली वाकून फ्लोट बोटाने उचलला.

वर बझर वाजू लागला. आईने सवयीने जिन्याकडे बघितलं. वहिनींनीही बघितलं. बझर वाजतच राहिला, बंद करायला वर कोणी नव्हतं.