घोट्याची पकड

पाठदुखीसाठी मी उलटं लटकायचं यंत्र घरी आणलं होतं. एकदा त्याची घोट्याची पकड निसटली आणि डोकं फरशीवर आपटता आपटता वाचलं. मग मी ते विकायला काढलं.

घ्यायला शिरोळचा एक माणूस आला. पन्नाशीचा, तालमीत कान मोडलेला. आखाड्याच्या मातीला करतात तसा त्यानं आधी यंत्राला नमस्कार केला, मग पाय अडकवून उलटा झाला.

"ह्यावरनं कोण पडलंय का?"

"नाही," मी हसून म्हणालो.

कपाळाच्या जागी हनुवटी, आणि पापणी न लववता माझ्यावर रोखलेले डोळे.

"पावणं, हितनं तुमचं हसू रडल्यागत दिसतंय की."

यंत्र टेम्पोतून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळं सांगायचं ठरवून मी फोन केला. मागं यंत्राच्या सांध्यांची कुरकुर ऐकू येत होती.

"बोला पावणं. लटकलोय."

आत्ता सांगितलं तर तो दचकेल, पकड सुटेल, असं मी स्वतःला समजावलं. "काही नाही, सहज केला," म्हणालो.

आता रोज सकाळी त्याच वेळी फोन लावतो. "लटकलोय" ऐकलं की जीव भांड्यात पडतो, आणि सांगायचं राहतं.