व्हर्लीनबाईंचा तिरपा कागद

व्हर्लीन टिडमोर अकरा वर्षं अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या कापड गिरणीत तागे तपासायला होत्या. गिरणी बंद पडली आणि त्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. काम काय, तर उपग्रहाकडून आलेले आलेख छापायचे आणि फायलींना लावायचे. उपग्रहाच्या आठ कोपऱ्यांवर आठ शोधक होते. दूर आकाशात गॅमा किरणांचा स्फोट झाला की ते टिपायचे आणि घंटा वाजायची.

दोन सेकंदांहून जास्त टिकतो तो लांब स्फोट. माझा प्रबंध त्यांच्यावरच होता. सोमवारी तो द्यायचा होता, जूनपासून नोकरी ठरलेली होती, आणि मी ठासून लिहिलं होतं की आपल्या उपग्रहाला पाच मिनिटांपेक्षा लांब स्फोट एकही दिसलेला नाही.

शुक्रवारी दुपारी व्हर्लीनबाई जेवणाच्या टेबलाशी सँडविच खात, एक डोळा मिटून, डोळ्यासमोर आडवा धरलेला कागद न्याहाळत होत्या.

"डॉक्टरीणबाई, इकडे ये."

"अजून झाले नाहीये मी डॉक्टर."

"हे बघितलंस तर इतक्यात होणारही नाहीस. फुगवटा आहे इथे."

मी कागद टेबलावर पसरला. रेघांची नेहमीचीच थरथर.

"पसरतेस काय? अंथरलेल्या कापडात दोष दिसतो होय? तिरपं धर, कडेकडून बघ."

तसा धरला. लांबी आखडली आणि सात मिनिटांची एक मंद टेकडी वर आली.

"उपग्रह कक्षेत फिरताना होतं असं," मी म्हटलं.

"मग आठही शोधक चढले असते ना? चारच चढलेत, एका बाजूचे. पलीकडचे ढिम्म."

"सूर्य असेल."

"सूर्य त्या ढिम्म बाजूला होता. नोंदवहीत आहे, वाच."

मी नोंदवही उघडली, त्यांचंच बरोबर होतं. घंटा वाजायची ती आधीच्या काही सेकंदांच्या सरासरीपेक्षा एकदम वाढ झाली तर. इतका सावकाश चढणारा स्फोट सरासरीलाच सोबत वर नेतो, मग घंटा कसली वाजतेय? आणि मी शहाणीने फक्त घंटा वाजलेलेच मोजले होते.

"मी कागद फायलीला लावते," बाई म्हणाल्या. "बोभाटा करणार नाही. काय करायचं ते तू ठरव."

मी प्रबंध मागे घेतला. विभागप्रमुख महिनाभर धड बोलले नाहीत. जूनची नोकरी गेली. खोटं कशाला सांगू, रडले मी. मग आठ महिने आम्ही दोघींनी चार वर्षांचे आलेख पुन्हा पाहिले. असे नऊ स्फोट सापडले. नव्याने लिहिलेल्या प्रबंधातली एक ओळही आजवर कुणाला खोडावी लागलेली नाही.

माणसं आभार मानायला उशीर करतात आणि मग शोकसभेत बोलतात. मला ते पटत नाही. प्रबंधाची परीक्षा झाली त्याच दिवशी मी त्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन व्हर्लीनबाईंना सांगितलं, "तुम्ही होतात म्हणून मी चुकीचं छापून बसले नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "आता कोपर उचल, टेबल पुसायचंय."