पाहुणा उंदीर

आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत उंदीर मारायचं काम एकच काका करतात. पिंजरा बादलीत बुडवण्याआधी ते उंदराला हात जोडतात. शिकारीविरुद्ध रोज मोबाइलवर उपदेश पाठवणारा मी त्यांना मनातल्या मनात 'शिकारी' म्हणतो. यंदा गणपतीत उंदरानं माझ्या स्कूटरच्या वायरी कुरतडल्या. माझी अहिंसा तेवढीच टिकली. मी पिंजरा मागायला गेलो, तर काका म्हणाले, "हमणां नाही हो, आत्ता नाही. विसर्जनापर्यंत बाप्पाचं वाहन आपल्याकडे पाहुणं आहे."

विसर्जनाहून परतल्यावर, 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडून बसलेल्या घशानं मी काकांना हाक मारली आणि आमिष म्हणून प्रसादातला उरलेला मोदक पुढे केला. त्यांनी तो कपाळाला लावून खाऊन टाकला.

"पोळीचा तुकडा आणा," ते म्हणाले. "प्रसाद दाखवून नाही मारत मी."