निम्म्या दरातली ताई

तुम्ही कधी कुणाला असा नकार आणून दिला आहे का, जो कुणी दिलेलाच नव्हता?

मी दिला आहे. इतकी वर्षं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही, ज्यांच्यासोबत चौकाचौकात पत्रकं वाटली त्यांनाही नाही. आता तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी माझ्या खोटेपणाची छापील प्रत पडलेली असेल.

आमच्या डोंबिवलीच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांवरून. 'अननस'च्या आधी मला 'अन्याय' वाचता आला. त्यामुळे साधं काही स्वस्तात मिळवायचं तरी मला त्याला तत्त्व लागायचं. त्या मोठ्या थीम पार्कचा दोन दिवसांचा पास — एक दिवस पाण्याचा, एक दिवस पाळण्यांचा — आमच्यासारख्यांना परवडूच नये असा. करमणूक काय फक्त टॉवरवाल्यांची आहे? असं म्हणत मी सवलती हुडकत बसायचे. आठवड्याच्या मधल्या दिवशी कमी, अमुक बँकेच्या कार्डावर कमी, कॉलेजच्या ओळखपत्रावर कमी. केतकी आणि ओंकार हे माझे ठाण्याचे मित्र. केतकी म्हणायची, "हिला मोर्चात कशाला नेता, भाजी मार्केटात सोडा."

मग ती सवलत सापडली. सोबत एक दिव्यांग व्यक्ती असेल, तर तिच्यासकट चौघांना दोन्ही दिवसांचा पास निम्म्या दरात.

मला कोण आठवलं? शलाकाताई. माझी मावसबहीण. टिटवाळ्याला राहते, गणिताच्या शिकवण्या घेते. उजवा पाय जन्मापासून आखूड, काखेत कुबडी. जीभ मात्र आमच्या अख्ख्या घराण्यात सगळ्यात लांब. आणि माझी लाडकी. हे बचाव म्हणून सांगत नाही. लाडकी होती म्हणून तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

"ताई, चल ना. तुझ्याशिवाय मजा नाही येणार," मी फोनवर म्हटलं.

"खरं बोल. माझं कार्ड हवंय ना?"

"काहीतरीच काय."

"अगं, असू दे गं. पाय माझा आखूड, बजेट तुमचं आखूड. जमेल आपलं." ती हसली. मग म्हणाली, "पण मनू, मी हवीये का खरंच?"

"खरंच," मी म्हटलं.

तेव्हाच 'कार्ड हवंय' म्हणाले असते, तरी ती आली असती. हसत आली असती. मग खोटं कशाला बोलले? कारण तत्त्ववाल्या माणसाला स्वतःचा स्वार्थ स्वतःच्या कानांनी ऐकवत नाही.

पहिला दिवस पाण्याचा. ताई बाकावर आमच्या बॅगा, चपला, मोबाइल सांभाळत बसली. आम्ही मधूनमधून ओल्या अंगाने येऊन वेफर्स खायचो आणि परत पळायचो. रात्री ती आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी पाळणे. ती पुन्हा बाकावर.

समोर आकाशपाळणा होता. लहानपणी जत्रेत मी पाळण्यात बसायचे आणि ताई खाली माझ्या चपला धरून उभी राहायची. उतरले की विचारायची, वरून आपलं घर दिसतं का गं? मी दरवेळी 'हो' म्हणायचे. त्या दुपारी ती म्हणाली, "त्या पाळण्याचं विचारून बघ ना. नाही म्हणाले तर नाही."

मी गेले. पाळण्यावर निळ्या टोपीतला एक माणूस होता, बाबांच्या वयाचा. मी विचारलं. तो लगेच म्हणाला, "आणा ना ताईंना. पाळणा पार खाली टेकवून थांबवतो. कुबडी माझ्याकडे ठेवा. एवढी रांग जाऊ द्या फक्त."

मी वळले, तर पलीकडच्या रोलर कोस्टरच्या रांगेतून केतकी आणि ओंकार हात हलवत होते. शेवटची फेरी. ताईला आणायचं, थांबायचं, बसवायचं, उतरवायचं — म्हणजे माझी फेरी जाणार. कारण एवढंच. याहून मोठं काही कारण असेल म्हणून मी फार शोधलं आहे. नाही सापडलं. निम्म्या दरात घेतलेला पास मला पुरेपूर वसूल करायचा होता.

मी बाकापाशी आले आणि म्हणाले, "नाही म्हणतात. नियम आहे."

"बरं," ताई म्हणाली. आणि केतकीची बॅग पुन्हा मांडीवर ओढून घेतली.

इथे संपलं असतं, तर मी कदाचित विसरलेही असते. पण पाळणा थांबला. सगळ्यात खालची बैठक जमिनीला टेकली, तिचा दांडा उघडला, आणि त्या माणसाने टोपी काढून आमच्याकडे बघून हलवली. या, या.

"मनू, तो आपल्याला बोलावतोय का?"

"नाही गं. मागच्यांना."

ताईने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि पाण्याचा कूलर. माणूस एकही नव्हता. ती पुन्हा समोर बघायला लागली. तो माणूस थोडा वेळ थांबला, मग त्याने दांडा लावला. ती रिकामी बैठक वर जायला लागली आणि ताई मान वर करत तिच्याकडे पार टोकापर्यंत बघत राहिली.

तिला तेव्हाच कळलं होतं का? — मी तिथे थांबलेच नाही. धावत रांगेत गेले. फेरीत सगळ्यांबरोबर ओरडलेसुद्धा.

यापुढचं जास्त वाईट आहे.

मला राग आला होता. स्वतःचा राग पेलवत नाही, तेव्हा माणूस तो कुणावर तरी ठेवतो. मी पत्रक लिहिलं. 'नियम कुणासाठी?' तुमच्यातल्या काहींना आठवेल. त्यात हे वाक्य होतं: 'निळ्या टोपीतल्या माणसाने माझ्या बहिणीला तोंडावर सांगितलं — तुम्हाला परवानगी नाही.' बाबांनी हातात पेन्सिल घेऊन ते वाचलं आणि एकही शब्द खोडला नाही. एवढंच विचारलं, "हे तू स्वतः पाहिलंस ना?" मी हो म्हणाले. "मग छापू," ते म्हणाले. "न पाहिलेलं आपण लिहीत नाही."

कल्याणला स्टेशनच्या पुलाखाली वाटलं. नवरात्रात ठाण्यात टेंभी नाक्याच्या गर्दीत वाटलं. ताईनेही शिकवणीच्या मुलांच्या आईवडिलांना वाटलं. वाटताना एकदाही मला काही विचारलं नाही. सह्या जमल्या, शिष्टमंडळ गेलं. पार्ककडून उत्तर आलं: संबंधित कर्मचाऱ्याला पाळण्यावरून हटवण्यात आलं आहे. आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पाळण्यावरून हटवलं, की नोकरीवरून? त्याचं नाव काय होतं? मी विचारलं नाही.

आता कुठेही पाळणा फिरताना दिसला की मी सगळ्यात खालची बैठक आधी बघते. माणसं असली तरी मला ती रिकामी दिसते. आणि ताई — कुणाशीही हुज्जत घालणारी माझी ताई — बँकेत, नाट्यगृहात, कुठे पायऱ्या दिसल्या की म्हणते, "राहू दे, नियम असेल." विचारायला जात नाही. दुसऱ्या कुणालाही विचारायला पाठवत नाही.

पार्कच्या ऑफिसला मी खरं काय ते लेखी कळवलं आहे. बाबांना सांगितलं, त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि उठून गॅलरीत गेले. हा मजकूर तुमच्या हातात पडला असेल, तर मी टिटवाळ्याला जाऊन तो आधी ताईला वाचून दाखवलेला आहे. ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. तिच्या वतीने मी एकदा बोलले आहे, तेवढं पुरे.

मला माफी नको. एक काम मात्र करा. ते पत्रक तुमच्या घरी कुठे असेल — फायलीत, वहीच्या कव्हराखाली, रद्दीत — तर काढा. निळ्या टोपीचं ते वाक्य खोडा. आणि त्याच्या वर, तुमच्या हाताने, नीट वाचता येईल असं लिहा: तो हो म्हणाला होता.